स्टेपनी : पाचव्या चाकाची गोष्ट

‘स्टेपनी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो आला कुठून असा प्रश्नही कुणाला पडत नाही. रिक्षावाला असो की ट्रकचा क्लीनर, जादा चाक म्हणजे स्टेपनी. ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभ्या केलेल्या वक्त्यालाही आपण गमतीनं स्टेपनी म्हणतो. प्रत्यक्षात हे नाव आहे वेल्समधल्या लॅनेली गावातल्या एका रस्त्याचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की मालकानं रस्त्यातच टायर उतरवून ठिगळ लावायचं. लॅनेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवर लोखंडी सामानाचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली एक नुसती लोखंडी कड. तिला ना तुंबा, ना आरे. पंक्चर चाक काढायचं नाही. त्याच्या शेजारी ही कड पकडींनी आवळायची आणि घर गाठायचं. ही वस्तू जगभर गेली. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र रुजला. ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘एस्टेपे’ म्हणतात, तो याच घराण्यातला.

म्हणजे मूळची स्टेपनी इतर चाकांच्या बरोबरीची नव्हती. ती वेळ भागवणारी होती.

पुढे सहज निघणारी चाकं आली आणि स्टेपनी खऱ्या अर्थानं पाचवं चाक झाली. आपल्याकडे हा बरोबरीचा मान ठसवला तो जीपनं. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये मुंबईत सुरू झाली. कंपनीचं तेव्हाचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद; पुढच्याच वर्षी ते महिंद्रा अँड महिंद्रा झालं. या जीपची स्टेपनी इतर चार चाकांच्या अगदी मापाची असे. १९९८ मध्ये पुण्यात तयार होऊन बाजारात आलेल्या टाटा सफारीनंही पूर्ण मापाची स्टेपनी मागच्या दारावर मिरवली.

हा मोठेपणा दिखाव्याचा नव्हता. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून तिचं काही अडत नाही. मोटारीत चाकांना इंजिन फिरवतं, त्यामुळे दोन चाकांना कमीजास्त फिरू देणारी दात्यांची जोडणी लागते. तिला डिफरन्शियल म्हणतात. जीपला ती पुढच्या आसावर एक आणि मागच्या आसावर एक असते. पण जीप ‘फोर-व्हील’मध्ये टाकली, की पुढच्या-मागच्या आसांना फिरवणारे दांडे एकमेकांना पक्के जोडले जातात. त्या दोघांत सवलत देणारं कुणी नसतं.

आता हिशेब करू. ७० सेंटिमीटर व्यासाचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४५५ फेरे घेतं. मागे एका बाजूला पाच टक्के लहान चाक लावलं, तर ते सुमारे ४७९ फेरे घेईल. म्हणजे मागच्या आसाची सरासरी पुढच्यापेक्षा दर किलोमीटरला १२ फेऱ्यांनी वाढली. दांडे तर पक्के जोडलेले. मग हा फरक जायचा कुठे? तो दांड्यांत पीळ होऊन साठतो, टायर घासतो, दात्यांवर येतो. नाना पेठेत जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडताना दाते झिजलेले गिअर मी पुष्कळ पाहिले आहेत. प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही. पण हा ताण शेवटी येतो तो अशाच दात्यांवर.

चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. कच्च्या वाटांच्या काळात म्हणूनच बरंच निभावून गेलं. आजच्या पक्क्या डांबरी घाटात चाकाला घसरायची सवलत मिळत नाही.

आणि नेमक्या याच काळात मूळची स्टेपनी परत आली आहे. जागा, वजन आणि पैसा वाचवण्यासाठी अनेक नव्या गाड्यांत बारीक, तात्पुरतं चाक देतात. त्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून, ट्यूबलेस टायर, त्यांच्या दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीशिवाय धावायची मुभाही दिली.

तात्पुरतं चाक वाईट नाही. त्याला कायमचं समजणं वाईट. ते लावलं असेल तर डांबरी रस्त्यावर ‘फोर-व्हील’ घालू नये. चारही चाकं कायम जोर लावत असलेल्या गाडीत ते कोणत्या आसावर लावायचं आणि किती दूर न्यायचं, हे गाडीच्या पुस्तिकेत बघावं. पूर्ण मापाची स्टेपनी असली तरी गाफील राहू नये. चार टायर पाच-पाच मिलिमीटर झिजले आणि पाचवा कोरा राहिला, तर व्यासात एक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून पाचही चाकं आळीपाळीनं वापरावीत. ताम्हिणीच्या किंवा वरंध घाटाच्या वाटेला लागण्यापूर्वी टायरच्या कडेवरचे आकडे जुळवून पाहावेत, आणि स्टेपनीत हवा आहे ना, हेही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)