नीलमनगरच्या भिंतींचं घराणं

सोलापूरच्या नीलमनगरात 2020 साली घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे उमटले. मुळाक्षरं, अंक, व्याकरण, गणिताची सूत्रं, असा पहिलीपासून दहावीपर्यंतचा अभ्यास. आशा मराठी विद्यालय आणि धर्मण्णा सादूल प्रशालेच्या शिक्षकांनी सुमारे 300 भिंती रंगवून घेतल्या. कोरोनाच्या साथीमुळे मार्चपासून शाळांना कुलूप होतं. इथले बहुतेक पालक कापड उद्योगातले कामगार. मुलाच्या हाती द्यायला फोन नाही, असला तर रिचार्ज परवडत नाही. म्हणून मुलं गल्लीतच अंतर ठेवून उभी राहायची, वाचायची, वहीत उतरवून घ्यायची.

बातमी देशभर गेली. कल्पना नवी होतीच, पण तिच्यामागे मोठं घराणं आहे.

वडिलांकडून पाहिलं तर ही भिंत शाळेच्या व्हरांड्यातून आली. पंतोजींच्या धुळपाटीनंतर फळा आला. तरी कित्येक खेड्यांत तोही धड नव्हता. 1986च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा योजना निघाली, ती शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळावं म्हणून. पुढे पाढे, नकाशे, बाराखडी भिंतींवर चढली आणि शिक्षक त्यांना बोलक्या भिंती म्हणू लागले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी धडा आणखी खाली, फरशीवर आणला. मूल जमिनीवर बसतं, तर अक्षरंही तिथेच हवीत. जिल्हा परिषदांच्या शाळांतून शिक्षक ते बघायला जाऊ लागले. पण हे सगळं शाळेच्या फाटकाच्या आतलं होतं.

फाटकाबाहेर पडण्याचं धाडस आईकडून आलं, असं मी मानतो. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या इथल्या फडांत येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. आईबापांबरोबर मुलंही येतात. गावची शाळा उघडी असते, पण या मुलांपुरती ती बंदच. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा सुरू झाल्या. शिक्षणहक्क कायद्यानंतर भर गावातच हंगामी वसतिगृहं चालवून मूल मागे ठेवण्यावर गेला. साखरशाळा अपुऱ्या होत्या, कित्येक नावापुरत्या होत्या. तरी मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेनं त्याच्याकडे जायचं, हे त्यांनी मान्य करायला लावलं. माझ्या दृष्टीनं या सगळ्या वंशावळीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

याच जिल्ह्यात एक चुलतभावही आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. पुढे राज्यानं ते आपल्या पुस्तकांत घेतले. 3 डिसेंबर 2020ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिली. टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोज अभ्यासाचे दुवे व्हॉट्सॲपवर यायचे; जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. ज्यांच्याकडे फोन आणि टीव्ही होता त्यांना याचा मोठा आधार झाला. पण घरात एकच फोन आणि तो घेऊन वडील कामावर, ही घरं त्यातून सुटत होती. नीलमनगरच्या भिंती उभ्या राहिल्या त्या अशा घरांसाठी.

भिंतीला एक गोष्ट जमत नाही: मुलाचं कुठे अडलं ते तिला कळत नाही. रंगाचा खर्च एकदाच होतो. खरा खर्च असतो त्या गल्लीत फिरणाऱ्या शिक्षकाच्या पायांचा आणि वेळेचा. शहरांतल्या पहिली ते सातवीच्या वर्गांना सरकारनं परवानगी दिली ती थेट 1 डिसेंबर 2021पासून. तोवर वीस महिने उलटले होते. एवढ्या काळात नुसत्या दुव्यावर किंवा नुसत्या रंगावर मूल टिकत नाही. त्याला नावानं हाक मारणारं कुणीतरी दारात यावं लागतं.

साथ संपली, ऊसतोडीचा हंगाम मात्र दरवर्षी येतो. फडावरच्या कोप्यांना रंगवायला भिंती नसतात. जिल्हा परिषदेनं आणि कारखान्यांनी निदान एवढं करावं: हंगामभर त्या कोप्यांपर्यंत जाणारा शिक्षक नेमावा, त्याचं ते जाणं कामाच्या तासांत धरावं आणि प्रवासभत्ता वेळेवर द्यावा.