दिनविशेष : कचऱ्यावरचं पहिलं झाड

५ जून १९८३. जागतिक पर्यावरण दिनी धारावीत, मिठी नदीच्या काठी, मुंबईच्या जुन्या कचराभूमीवर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी पहिलं झाड लावलं. २२ एप्रिल १९९४ रोजी तिथेच महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

आज त्या ३७ एकरांत दाट झाडी आहे, काठाला तिवरं आहेत. पायवाटांवरून शाळांची मुलं पक्षी शोधत, फुलपाखरं ओळखत फिरतात. चार भिंतींबाहेरचा असा वर्ग शहरातल्या मुलांना मिळतो, ही फार मोठी गोष्ट. त्याहून मोलाची आहे ती जागेची निवड. शहराने स्वतःच नासवलेली जमीन शहराने पुन्हा जिवंत केली. त्यासाठी समुद्र मागे रेटला नाही. मुंबईला उद्यानं हवीतच, पण जागा शोधणाऱ्यांनी आधी धारावीचा हा तुकडा पायी फिरून पाहावा. कारण समुद्र हटवून केलेलं उद्यान कुणाच्या तरी पोटावर येतं: कफ परेडला समुद्रात भराव टाकून सुमारे ३०० एकरांचं उद्यान करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या मच्छीमार नगरातल्या कोळ्यांनी त्याला विरोध केला. भरावाने आपली मासेमारीच बुडेल, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते रास्त होतं.