साखर आणि शुगर

आमच्या वडगाव निंबाळकरमध्ये साखर आणि शुगर हे दोन वेगळे शब्द आहेत. साखर कारखान्यातून येते, शुगर रिपोर्टमध्ये. यंदा माझं एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आई म्हणाली, "अंगावर मांस नाही तुझ्या, शुगर कुठून आली?" बाबाही सडपातळच आहेत, आणि चाळिशीपासून गोळ्या घेतात.

उत्तर शोधताना आधी गावाचा इतिहास हाती लागला. १८७६च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून सुरू झालं. १८८०च्या दशकात पाणी आलं आणि ज्वारी-बाजरीच्या रानात हळूहळू ऊस शिरला. तालुक्याचे दोन भाग झाले, बागायत आणि जिरायत. पण कालव्यामुळे सगळ्यांची ताटं भरली नाहीत. १९७२च्या दुष्काळात लोक पुन्हा खडी फोडायला गेले. सुकडी आणि मिलोवर जगले. आजीही गेली होती. तेव्हा बाबा तिच्या पोटात होते.

हा तपशील का महत्त्वाचा, ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचून कळलं. १९९०च्या दशकात त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००४मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, पण आईच्या प्रश्नाला दिशा मिळाली.

मग आहार-व्यायामाने मधुमेह टळतो का? २००६मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार नेटाने बदलायला लावलेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना. तेही वजन फारसं न घटता. म्हणजे माझ्यासारख्या काटकुळ्यानेही चालायला हवं. मी रोज कालव्याच्या कडेने चालतो, आणि चहातली साखर बंद केली.

पण त्या ३९.३ टक्के लोकांनी आळस केला, असं म्हणता येत नाही. काही हिशेब जन्माआधीच सुरू झालेला असतो. वहिनीला सातवा महिना आहे, आणि आमच्याकडे बायका अजून शेवटी, उरलेलं जेवतात. माझ्या रिपोर्टवर घरात महिनाभर चर्चा झाली. तिच्या ताटावर एकदाही नाही. आता ती पहिल्या पंगतीला बसते.