नागपूर करार आणि घटनेचें कलम ३७१ (२) : एक पाठभेद

जुन्या इनामपत्रांच्या अखेरीस, दरसाल नव्या पत्राची अपेक्षा करूं नये, अशा आशयाचें वाक्य वारंवार आढळतें, हें वाचकांस विदित आहेच. दिलेला हक्क पुढील हुकुमाच्या लहरीवर राहूं नये, हा त्याचा हेतु. हीच कसोटी एका अर्वाचीन लेखास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील पुढाऱ्यांनीं २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करारावर सह्या केल्या. निधीची वांटणी लोकसंख्येच्या प्रमाणांत व्हावी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरवावें, मंत्रिमंडळांत व नोकऱ्यांत तेंच प्रमाण पाळावें, विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन दरवर्षीं नागपुरास भरावें, हीं त्यांतील मुख्य कलमें होत.

पुढें १९५६ सालीं सातव्या दुरुस्तीनें घटनेंत कलम ३७१ (२) आलें. दोन्ही लेख ताडून पाहतां, लोकसंख्येच्या प्रमाणाच्या जागीं ‘न्याय्य वांटणी’ आलेली दिसते. म्हणजे मोजतां येणारें माप जाऊन अर्थ लावण्यास मोकळा शब्द आला. मंत्रिमंडळांतील वांटा व नागपूरचें अधिवेशन हीं गळलीं. उलटपक्षीं, विकास मंडळें व राज्यपालांची विशेष जबाबदारी हीं नव्यानें आलीं. परंतु राष्ट्रपतींस तशी आज्ञा काढतां येईल, इतकेंच तेथें म्हटलें आहे. काढलीच पाहिजे, असें नाहीं.

या एका क्रियापदाचा परिणाम मोठा झाला. दांडेकर समितीनें १९८४ सालीं राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक दाखविला; तरी आज्ञा निघाली ती ९ मार्च १९९४ रोजीं, म्हणजे अडतीस वर्षांनीं. मंडळांस मुदत होती. वेळोवेळीं ती वाढली, आणि ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. कलम कायम राहिलें, मंडळें गेलीं.

याच्या उलट, घटनेंतून गळलेलें नागपूरचें अधिवेशन १९६० पासून रूढीनें चालत आलें. २०२० व २०२१ सालीं साथीच्या काळांत तें मुंबईस भरलें, तेव्हां त्याची वाण सर्वांस जाणवली. मंडळांची मुदत सरली ती मात्र कागदावरच. यावरून आमचें मत असें कीं, प्रादेशिक हक्काच्या लेखांत माप निश्चित असावें, करणाराचें कर्तव्य आज्ञार्थीं असावें, आणि मुदत नसावी. जुन्या लेखकांस हें ठाऊक होतें.

संग्राहकांस एक विनंति : या वाटाघाटींचे मसुदे, टिपणें व पत्रें कोणाच्या घरीं असल्यास तीं जुन्या दप्तरांइतक्याच आस्थेनें जतन करावीं. पाठ कोठें व कां बदलला, हें त्यांवरूनच ठरेल.