प्रत्येक धाग्याची पाटी

पुरुषोत्तमनगरचे नाव घेताच खानदेशातील मंडळींस साखर कारखाना आठवेल. हंगामात वजनकाट्यावर गाड्यांची रीघ लागते. काटा सामाईक, पण पावती ज्याची त्याला. समजा, पावतीऐवजी कारकुनाने एकाच पाटीवर वजन लिहिण्याचा परिपाठ ठेवला, तर एकाने आपला आकडा वाचण्यापूर्वीच दुसऱ्याचा त्यावर चढेल आणि उसाचे पैसे भलत्यालाच मिळतील. संगणकाच्या इतिहासात असाच घोटाळा झाला.

१९६९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली आकारास आली. तीत एखादे काम फसले, की कारणाचा क्रमांक 'एर्नो' नावाच्या एका ठराविक जागी लिहिला जाई. प्रोग्रामात कामाचा ओघ एकच होता, तोवर यात वावगे काही नव्हते. पुढे एका प्रोग्रामात अनेक ओघ एकदम चालू लागले. त्यांस 'थ्रेड', म्हणजे धागे, म्हणतात. स्मृती मात्र सर्वांची सामाईक! एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसू लागली. आणि असा दोष क्वचितच प्रकट होत असल्याने तो हुडकणे महाकठीण.

ही अडचण मुळातच टाळणारी एक सुबक रचना पुण्यात वापरली गेली. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे. त्यांवर चालणाऱ्या प्रत्येक कामास स्मृतीत स्वतःचा टापू असे, आणि चालू कामाच्या टापूचा पत्ता एका रजिस्टरात असे. काम बदलले, की सामान हलवावयाचे नाही. पत्ता तेवढा बदलावयाचा. थांबलेल्या कामाने पुढे कोठून आरंभ करावयाचा, ही खूणही टापूच्या कडेलाच लिहिलेली. ही अदलाबदल यंत्रातच बसविलेली होती, हे विशेष.

इतर संगणकांत हा भार कार्यप्रणालीने उचलला. १९९५ च्या पॉझिक्स मानकाने 'एर्नो' प्रत्येक धाग्याचा निराळा केला. नाव जुनेच, पाटी मात्र ज्याची त्याची. प्रोग्राम लिहिणाऱ्यास आणखी काही जपावयाचे असल्यास तो एक 'किल्ली' मागून घेतो. किल्ली सर्वांची एकच, पण प्रत्येक धाग्याने लावली की त्याची स्वतःची पेटी उघडते! चौसष्ट बिटांच्या इंटेल प्रक्रियकांवर लिनक्स या टापूचा पत्ता 'एफएस' रजिस्टराच्या आधारे राखते व धाग्यागणिक बदलते. धागा संपल्यावर पेटीतील चीजवस्तूंची विल्हेवाट लावणारे कार्य किल्लीबरोबरच नेमून देता येते. ते नेमावयाचे राहिले, तर स्मृती विनाकारण अडकून पडते.