वळिवडे (पोलिश वसाहत)

कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील पंचगंगेकाठचे गाव. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरज–कोल्हापूर लोहमार्गावर. दुसऱ्या महायुद्धात येथील माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती (१९४३–४८).

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघाने पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सोव्हिएत सत्तेने १९४०–४१ मध्ये सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. हिटलरने रशियावर चाल केल्यावर, जुलै १९४१ च्या करारानुसार त्यांची सुटका झाली. पुरुष पोलिश जनरल अँडर्सच्या सैन्यात भरती झाले आणि त्यांच्याबरोबर बरीच कुटुंबे इराणात पोहोचली. त्यांपैकी काहींना भारतात आसरा मिळाला. जामनगरजवळ बालाचडीत अनाथ मुलांची सोय झाली; वळिवड्यास मुख्यतः स्त्रिया, मुले व वृद्ध आले. खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा होता. बराकींच्या रांगा, चर्च, इस्पितळ, शाळा, नाट्यगृह, बालवीरांची पथके असे सगळे उभे राहिले. मुले पोलिश भाषेतच शिकली. वसाहतीतल्या अनेकींचे पती व मुलगे मे १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोच्या लढाईत होते, हे ध्यानात घेता या माळाला छावणी म्हणणे अपुरे ठरते; ते पोलंडचे एक गावच होते.

वळिवड्याच्या उत्तरेस कडेगाव–कुंडल पट्ट्यात तेव्हा ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या प्रतिसरकारची चळवळ पेटली होती; कडेगाव ब्रिटिश सातारा जिल्ह्यात, तर कुंडल औंध संस्थानात होते. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पुणे–मिरज मार्गावर शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली. साम्राज्याशी लढणारा मुलूख आणि त्याच साम्राज्याच्या मित्रराष्ट्राचे बेघर लोक यांच्यात काही तासांच्या प्रवासाचेच अंतर होते. स्थानिक इतिहासांत या दोन गोष्टी क्वचितच एकत्र मांडल्या जातात. त्या मांडल्या पाहिजेत.

युद्ध संपले, पण या लोकांची गावे सोव्हिएत संघात गेली होती. त्यामुळे बहुतेकांनी परत न जाता ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका व कॅनडाची वाट धरली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहू लागले. त्यातून गांधीनगर वसले, जे आज कापडाच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. वसाहतीत मृत्यू पावलेल्यांच्या कबरी कोल्हापुरात असून शहरातील महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक उभारलेले आहे.