उड्डाणाआधीचा प्राणवायू

१६७० साली रॉबर्ट बॉइलने एक विषारी साप काचपात्रात ठेवून आतली हवा पंपाने ओढून घेतली, तेव्हा सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा हलताना त्याला दिसला. माणसाचा पहिला फुगा आकाशात जायला अजून शंभरावर वर्षे होती. वैमानिकांच्या दुखण्याची पहिली नोंद झाली ती अशी, जमिनीवर आणि सापाच्या नावावर.

माणसांना मात्र ते आधी पाण्याखाली भेटले. नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेत पुलांचे पाये खणणारे मजूर वर आले की सांधे धरून कळवळत. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने कायमचा खचला. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये कारण दाखवून दिले: नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळतो; दाब झटकन उतरला की त्याचे बुडबुडे होतात.

दाब उतरायला पाण्याखालूनच यावे लागते असे नाही. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. अमेरिकी लष्कराचे डॉक्टर हॅरी आर्मस्ट्राँग यांना कमी दाबाच्या कोठडीत स्वतःच्याच बोटांच्या स्नायुबंधांत बुडबुडे जाणवले. उताराही पाणबुड्यांच्या अभ्यासातून आला. शुद्ध प्राणवायू घेतला, की रक्तातला नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो, हे नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेंके मोजत होते. चरबीतला मात्र सावकाश निघतो, आणि सारा वेळ जातो तो तिथेच.

१९५५ मध्ये यू-टू हे हेरगिरीचे विमान उडाले आणि या उपायाची खरी कसोटी लागली. विमान ७०,००० फुटांवर. ते हलके राहावे म्हणून केबिनमधला दाब इतका कमी, की वैमानिक जणू एव्हरेस्टच्या माथ्यावर बसलेला. म्हणून उड्डाणाआधी निदान ९० मिनिटे प्राणवायू. विमानापर्यंत चालत जातानाही नळी जोडलेली आणि प्राणवायूची पेटी हातात, कारण मध्येच साधी हवा छातीत गेली तर बाहेर घालवलेला नायट्रोजन परत येऊ लागतो.

एवढे करूनही काहींचे सांधे दुखत, काहींना उडतानाच भ्रम होई. पुढे यू-टू वैमानिकांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये इतरांपेक्षा जास्त डाग आढळले. माझ्या मते दोष उपायाचा नव्हता. विमानाचे वजन वाचवण्याची किंमत त्या प्राणवायूकडून वसूल केली जात होती. २०१२च्या सुमारास अखेर केबिनच सुधारली: आतला दाब आधी सुमारे २९,००० फुटांवरच्या हवेइतका असे, तो १५,००० फुटांवरच्या हवेइतका झाला. प्राणवायू घेणे मात्र चालूच राहिले.